व्हेरिएबल टॅरिफ आणि डायरेक्ट डेबिट : महिन्याची रक्कम ठरते कशी? (यूके)

मिडलँडवासी | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यूकेत राहणाऱ्यांसाठी प्रश्न आहे, पण माहिती असेल त्यांनी सगळ्यांनीच लिहा.

आम्ही एप्रिलच्या मध्याला लेस्टरमध्ये घर घेतलं. जुनं टेरेस्ड घर, तीन बेडरूम, गॅसचा कॉम्बी बॉयलर. वीज आणि गॅससाठी आधीच्या मालकांची कंपनी होती तीच चालू ठेवली, त्यामुळे आपोआप स्टँडर्ड व्हेरिएबल टॅरिफवर (बदलत्या दराच्या नेहमीच्या योजनेवर) आलो. डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता, महिना १२४ पौंड ठरलं. काल ईमेल आला की डिसेंबरपासून १८७ पौंड कापले जातील. खात्यात आज ५५ पौंड क्रेडिट दिसतंय, म्हणजे आम्ही काही देणं लागत नाही. ऑक्टोबरला दर बदलले ते अगदी थोडे. मग एकदम ६३ पौंडांची वाढ कुठून आली?

घरात दोन लहान मुलं आहेत, जानेवारीत सासूबाई पुण्याहून येणार आहेत. त्यांना थंडीत कुडकुडत ठेवायचं नाही, हीटिंग लागणारच. पण कशाचे पैसे भरतोय हे कळायला हवं. हा आकडा नाकारता येतो का?

---

हिशेबनीस | ८ नोव्हेंबर, रात्री १०:५५

नाकारता येतो, पण हातात स्वतःचा आकडा हवा. "जास्त वाटतंय" म्हणून फोन केलात तर पलीकडचा माणूस "सिस्टिमने काढलंय" म्हणेल आणि विषय संपेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. डायरेक्ट डेबिट म्हणजे बिल नव्हे. बिल तुम्ही जाळलेल्या युनिटांचं. डायरेक्ट डेबिट हा कंपनीने बांधलेला अंदाज: वर्षभरात हे घर किती वापरेल, त्याला आजचा दर लावायचा, भागिले बारा. युनिटचा दर प्रत्येक तीन महिन्यांनी बदलतो (जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर) म्हणून सगळे दरावरच बोलतात. पण तुमच्यासारख्या केसमध्ये गडबड बहुतेक वेळा दरात नसते, वर्षाच्या वापराच्या अंदाजात असते. नवीन घरात तुमचा इतिहास नसतो, म्हणून मागच्या रहिवाशांचा वापर धरून चालतात.

उद्या उजेडी तीन गोष्टी बघा:

१. ऑनलाइन खात्यात किंवा बिलावर 'अंदाजे वार्षिक वापर' असतो. वीज किती, गॅस किती?
२. बिलावरच्या रीडिंगपुढे 'एस्टिमेटेड' लिहिलंय की 'अ‍ॅक्च्युअल' की 'स्मार्ट'? दोन्ही मीटरचं वेगवेगळं बघा.
३. गॅस मीटरच्या तबकडीवर घनमीटर लिहिलंय की घनफूट?

तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण जुन्या घरांत अजून घनफुटाचे मीटर आहेत. त्यांचं एक युनिट म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कंपनीच्या नोंदीत घनमीटरचा मीटर घनफुटाचा म्हणून चढला, तर बिल थेट २.८३ पट येतं.

---

नाशिकचा_मुक्काम | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

नाशिकहून वाचतोय. मुलगी पुढच्या वर्षी तिकडे जाणार आहे म्हणून विचारतो. आपल्याकडे महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं, १०० युनिटच्या वर गेलं की दर महाग. तिकडेही तसंच का? आणि तिकडच्या बातम्यांत येते ती प्राइस कॅप म्हणजे बिलाची कमाल मर्यादा ना?

---

हिशेबनीस | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

नाशिककर दादा, दोन्ही प्रश्न चांगले विचारलेत. इथे टप्पे नसतात. नेहमीच्या टॅरिफवर पहिल्या युनिटला जो दर, तोच हजाराव्या युनिटला. पण एक दिवसही दिवा लावला नाही तरी स्टँडिंग चार्ज (जोडणीचा ठरावीक आकार) रोजच्या रोज लागतो. आणि पाइपचा गॅसही इथे शेवटी किलोवॅट-तासातच मोजतात, त्यामुळे बिलावर वीज आणि गॅस दोन्हींची 'युनिटं' दिसतात. त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

कॅप ही बिलाची मर्यादा नाही. ऑफजेम ही इथली नियामक संस्था व्हेरिएबल टॅरिफसाठी युनिटचा दर आणि स्टँडिंग चार्ज यांची मर्यादा ठरवते. २०१८ चा कायदा, १ जानेवारी २०१९ पासून लागू. बातम्यांत येणारे '१,७५५ पौंड' हे वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या एका कल्पित घराचं बिल आहे. तुमचं घर जास्त जाळेल तर जास्त भराल, कुणी अडवणार नाही. २०२२ मध्ये हाच गैरसमज फार पसरला होता. सरकारने दर गोठवून '२,५०० पौंड' जाहीर केले तेव्हा लोक समजले की त्याच्या वर बिल येणारच नाही. त्या वेळी विजेचा सरासरी दर ३४ पेन्स होता आणि गॅसचा १०.३.

सध्याचे, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ चे, डायरेक्ट डेबिटवाल्यांसाठीचे सरासरी दर:

वीज: २६.३५ पेन्स प्रति युनिट, स्टँडिंग चार्ज दिवसाला ५३.६८ पेन्स
गॅस: ६.२९ पेन्स प्रति युनिट, स्टँडिंग चार्ज दिवसाला ३४.०३ पेन्स

यात ५ टक्के व्हॅट धरलेला आहे. बऱ्याच बिलांवर दर व्हॅट वगळून छापतात, त्यामुळे २५.१० दिसलं तर स्वस्त मिळतंय असं समजू नका. शिवाय विभागानुसार फरक पडतो. लंडनमध्ये विजेचा स्टँडिंग चार्ज कमी आहे, उत्तर वेल्स आणि मर्सीसाइडकडे बराच जास्त.

---

मिडलँडवासी | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

हिशेबनीस, तुम्ही म्हणालात तसंच निघालं! खात्यात अंदाजे वार्षिक वापर: वीज ३,४००, गॅस १६,४००. विजेची रीडिंग्ज स्मार्ट मीटरवरून जातायत, पण गॅसच्या प्रत्येक रीडिंगपुढे 'एस्टिमेटेड' आहे. मीटर घनमीटरचा आहे, बिलातही घनमीटरच धरलंय, तेवढं ठीक.

१२ एप्रिलला किल्ल्या मिळाल्या तेव्हा दोन्ही मीटरचे फोटो काढले होते. गॅस तेव्हा ३८०६, आज ४०४३. विजेची तेव्हापासून १,३३० युनिट झालीत. आधी इथे सहा माणसं राहायची असं शेजारच्या काकू म्हणाल्या.

---

हिशेबनीस | ९ नोव्हेंबर, दुपारी २:०५

फोटो काढून ठेवलेत हे फार उत्तम. आता मांडून बघू.

गॅस: ४०४३ वजा ३८०६ म्हणजे २३७ घनमीटर. त्याला १.०२२६४ ने गुणायचं (तापमान-दाबाची दुरुस्ती), मग बिलावर छापलेल्या कॅलरिफिक व्हॅल्यूने (गॅसमधली उष्णता), ती साधारण ३९.४ धरू, आणि ३.६ ने भागायचं. येतात २,६५० युनिट. थोडक्यात, एक घनमीटर म्हणजे ११ युनिटांहून थोडं जास्त.

गॅसवर हीटिंग असलेल्या घरात वर्षाच्या गॅसपैकी साधारण पाऊण हिस्सा ऑक्टोबर ते मार्चमध्ये जातो. तुमच्या मोजणीत उन्हाळा पूर्ण आणि ऑक्टोबरही आलाय, म्हणजे हे २,६५० पावपेक्षा थोडे जास्त झाले. वर्षाला ९,५०० ते १०,००० होतील. ९,८०० धरू. वीज २,४०० धरू.

वीज २,४०० × २६.३५ पेन्स = ६३२ पौंड
गॅस ९,८०० × ६.२९ पेन्स = ६१६ पौंड
दोन्ही स्टँडिंग चार्ज वर्षाचे = ३२० पौंड
एकूण १,५६८, भागिले बारा: १३१ पौंड.

आता कंपनीचे ३,४०० आणि १६,४०० घालून हेच गणित करा. महिना १८७ येतं, बरोब्बर. म्हणजे तुमच्याकडून त्या सहा माणसांच्या वापराचे पैसे मागतायत.

पण लगेच "१३१ करा" म्हणून फोन करू नका. १३१ ही वर्षाची सरासरी झाली आणि तुमच्यापुढे वर्षाचा महाग भाग उभा आहे. आजपासून १२ एप्रिलपर्यंत उरलेला गॅस ७,१५० युनिट, म्हणजे ४५० पौंड. वीज १,०७० युनिट, २८२ पौंड. स्टँडिंग चार्ज १५५ दिवसांचा, १३६. मिळून ८६८. गॅसचं खरं रीडिंग दिलंत की अंदाजाने जास्त लावलेला गॅस परत वळता होईल आणि क्रेडिट ५५ वरून १७० च्या आसपास जाईल असा माझा हिशेब आहे. ८६८ मधून १७० गेले, राहिले ६९८, हप्ते पाच. म्हणजे १४० पौंड. सासूबाई येणार म्हणून हीटिंग जास्त चालणार असेल तर १४५ मागा. माझ्या मते १४० ते १४५ हा न्याय्य आकडा आहे, आणि तो तुम्ही कागदावर दाखवू शकता.

---

रीडिंगची_ताई | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

हिशेबनीस यांचं गणित चोख आहे, पण मुळात ठरावीक डायरेक्ट डेबिट ठेवायचंच कशाला? मी 'व्हेरिएबल डायरेक्ट डेबिट' घेतलंय. दर महिन्याला रीडिंग जातं, जेवढं बिल होईल तेवढेच कापले जातात. कॅपचा दर तोच मिळतो. कंपनीकडे माझे पैसे पडून राहत नाहीत. उन्हाळ्यात बिल ५०-६० येतं तेव्हा उरलेली रक्कम मी वेगळ्या बचत खात्यात टाकते, जानेवारी-फेब्रुवारीत तिथून भरते. व्याज माझं मला. सगळ्या कंपन्या ही सोय देत नाहीत, विचारावं लागतं.

फक्त एक करू नका: चिडून बँकेतून डायरेक्ट डेबिटच रद्द करू नका. मग तुम्हाला 'बिल आल्यावर भरणारे' धरतात आणि त्यांच्यासाठीची कॅप महाग असते. सरासरी घराला वर्षाला १३० पौंडांच्या आसपास फरक पडतो.

---

हॅरोचे_काका | ९ नोव्हेंबर, रात्री ८:४५

ताई, तुमची शिस्त वाखाणण्यासारखी आहे, पण सगळ्यांना जमत नाही. मी निवृत्त आहे. मला महिन्याच्या एक तारखेला किती जाणार हे माहीत असलेलं बरं. जानेवारीत एकदम २५० पौंड गेले तर माझ्या पेन्शनला ते झेपत नाही. दोन-तीनशेचं क्रेडिट ऑक्टोबरअखेर असलं तर मला ती बेगमी वाटते. मात्र मार्चनंतरही ते तितकंच राहिलं तर मी मागून घेतो. क्रेडिट आपले पैसे आहेत, मागितले की द्यायला हवेत. नाही म्हणायचं तर कंपनीला सबळ कारण सांगावं लागतं.

२०२१ मध्ये जवळपास तीस कंपन्या बुडाल्या तेव्हा माझीही एक त्यात होती. ऑफजेमने दुसरी कंपनी नेमली आणि माझं क्रेडिट जसंच्या तसं तिकडे आलं. त्यामुळे त्या भीतीने कुणी क्रेडिट शून्यावर ठेवायची गरज नाही.

ज्येष्ठांसाठी: विंटर फ्युएल पेमेंट (हीटिंगसाठीची सरकारी मदत) या हिवाळ्यात परत बहुतेकांना मिळतंय, २०० किंवा ३०० पौंड. वैयक्तिक उत्पन्न ३५,००० च्या वर असेल तर करातून परत घेतात. आणि ज्यांना मीन्स-टेस्टेड बेनिफिट (उत्पन्न बघून दिलेली सरकारी मदत) मिळतात त्यांनी १५० पौंडांचं वॉर्म होम डिस्काउंट, म्हणजे बिलातली सूट, येतंय ना ते बघावं. बिल आपल्या किंवा जोडीदाराच्या नावावर असेल तरच ते मिळतं, म्हणून मुलाच्या नावावर बिल असेल तर विचार करा.

---

रात्रपाळी | १० नोव्हेंबर, रात्री १२:३०

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. खरा 'व्हेरिएबल' म्हणजे अर्ध्या तासाला बदलणारा दर. ऑक्टोपस या कंपनीच्या अ‍ॅजाइल टॅरिफवर दुसऱ्या दिवसाचे भाव आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला जाहीर होतात. स्मार्ट मीटर लागतो. वारा भरपूर असला की रात्री भाव नगण्य, कधी कधी शून्याखालीही. गाडी चार्ज करणाऱ्यांना याचा फायदा होतो आणि मी समाधानी आहे.

पण मिडलँडवासी, तुम्हाला मी सुचवणार नाही. संध्याकाळी ४ ते ७ सगळ्यात महाग असतं. मुलं शाळेतून आली, हीटर लागला, कुकर चढला, इंडक्शनवर पोळ्या सुरू झाल्या, हे सगळं नेमकं त्याच वेळेत. ऑफजेमची कॅपही त्याला लागू नाही, कंपनीची स्वतःची मर्यादा युनिटला १०० पेन्स आहे. ज्यांचा वापर रात्री सरकू शकतो त्यांनीच जावं. आणि रात्री सगळे झोपलेले असताना वॉशिंग मशीन किंवा ड्रायर लावू नका. अग्निशमन दलं हे सतत सांगतात आणि ते गंभीरपणे घ्यायला हवं.

---

कोव्हेंट्रीचा_विद्यार्थी | १० नोव्हेंबर, सकाळी ११:००

आम्ही पाच जण शेअर्ड घरात आहोत, प्रीपेमेंट मीटर (आधी पैसे भरायचे, मग वापरायचं) आहे. उन्हाळ्यात सगळे महाराष्ट्रात गेलो होतो. परत आल्यावर २० पौंडांचा टॉप-अप केला तर त्यातले बरेच लगेच गेले. घरात कुणीच नव्हतं तर वापर कसला? घरमालक म्हणतो तुमचं तुम्ही बघा.

---

रीडिंगची_ताई | १० नोव्हेंबर, दुपारी १:२५

अरे, वापर नाही, स्टँडिंग चार्ज आहे तो. दोन्ही मीटर मिळून दिवसाला ८० पेन्सच्या वर. दोन महिने घर बंद असलं तरी पन्नासेक पौंड साचतात आणि पुढच्या टॉप-अपमधून वळते होतात. पुढच्या वेळी जाण्याआधी तेवढी रक्कम भरून ठेवा, म्हणजे परतल्या दिवशी अंधारात बसायला नको. आपत्कालीन क्रेडिट (मीटरवर मिळणारी थोडी उधारी) संपलं तरी रात्री आणि शनिवार-रविवारी सहसा पुरवठा तोडत नाहीत.

बिल तुम्ही स्वतः भरत असाल तर कंपनी बदलायचा हक्क भाडेकरूला असतो. आणि घरमालक स्वतः बिल भरून तुमच्याकडून पैसे घेत असेल, तर त्याने जेवढे भरले त्यापेक्षा जास्त युनिटदर तो लावू शकत नाही. बिल दाखव म्हणून मागा. नव्या देशात आहोत म्हणून दबून राहू नका रे.

---

हिशेबनीस | २१ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

आज जानेवारी ते मार्च २०२६ चे दर जाहीर झाले. बातम्यांत मथळा '१,७५५ वरून १,७५८, नाममात्र वाढ'. तो प्रत्येक घराला लागू नाही. विजेचा युनिट २६.३५ वरून २७.६९, आणि गॅस ६.२९ वरून ५.९३. मिडलँडवासी, तुमच्या घरात हिवाळ्यात गॅसच जास्त जातो, त्यामुळे तुमच्या १४० च्या हिशेबात काही बदलत नाही, झालाच तर दोन-चार पौंडांचा फायदा. पण ज्यांचे फ्लॅट पूर्ण विजेवर आहेत, पॅनेल हीटरवाले, त्यांना ही नाममात्र वाढ नाही. त्यांच्या युनिटला ५ टक्के वाढ झालीय, तीही ऐन जानेवारीत. अशा लोकांनी आत्ताच हप्ता तपासून घ्या.

---

पॅनेल_हीटरवाली | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

मी त्यातलीच. हे कुणीतरी लिहिलं याबद्दल मनापासून आभार. दर वेळी सरासरी घराचा आकडा ऐकून वाटायचं की माझंच काहीतरी चुकतंय. व्हेरिएबल सोडून वर्षाचा फिक्स (वर्षभर न बदलणारा दर) घ्यावा का?

---

हिशेबनीस | २७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

उत्तराला उशीर केला कारण बजेटची वाट बघत होतो. एप्रिल २०२६ पासून बिलांवरचे काही सरकारी खर्च कमी करून सरासरी १५० पौंडांची घट करू असं काल जाहीर झालंय. त्यामुळे आज फिक्स घेताना एकच प्रश्न कंपनीला लेखी विचारा: एप्रिलची ही घट माझ्या फिक्स दरात उतरणार का? होकार आला, युनिटदर २७.६९ पेक्षा कमी असला आणि एक्झिट फी (मुदतीआधी सोडल्यास लागणारी रक्कम) थोडी किंवा शून्य असली, तर विजेवरच्या फ्लॅटला फिक्स घेणं मला शहाणपणाचं वाटतं. व्हेरिएबलची एक जमेची बाजू आहे, ती म्हणजे एक्झिट फी नसते, कधीही निघता येतं. त्यामुळे घाई नाही.

---

मिडलँडवासी | ४ डिसेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांना कळवतो. पहिल्या फोनवर सांगितलं की सिस्टिमने काढलेली रक्कम बदलता येत नाही. मग हिशेबनीस यांचं गणित, दोन्ही तारखांचे मीटरचे फोटो असा लेखी तक्रारअर्ज ईमेलने पाठवला. त्यात लिहिलं की कंपनीच्या परवान्याच्या अटीप्रमाणे ठरावीक डायरेक्ट डेबिट हे उपलब्ध असलेल्या सर्वात ताज्या माहितीवरच ठरवायला हवं. पाच दिवसांत उत्तर आलं. गॅसची बिलं नव्याने काढली, क्रेडिट १६८ झालं, हप्ता १४२ ठरला. गॅस मीटरचा संपर्क का तुटलाय ते बघायला जानेवारीत माणूस येणार आहे.

ऐकलं नसतं तर पुढे काय होतं, हे बाकीच्यांसाठी लिहाल का? माझ्या ऑफिसातल्या दोघांची हीच कथा आहे.

---

हिशेबनीस | ४ डिसेंबर, रात्री ९:५०

वा, छान झालं!

तक्रार नोंदवल्यापासून आठ आठवड्यांत सुटली नाही, किंवा कंपनीने 'आमचं हे अंतिम उत्तर' असं पत्र दिलं, की एनर्जी ओम्बड्समनकडे (ग्राहक-कंपनी वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं. आपल्याला फी नाही, आणि तिथला निर्णय आपण स्वीकारला तर कंपनीला तो पाळावा लागतो. म्हणून तक्रार लेखी हवी, तारीख सिद्ध करता येते. आणि ऑफिसातल्यांपैकी कुणाला जुनं मोठं थकलेलं बिल आलं असेल तर हेही सांगा: कंपनीने स्वतःच्या चुकीने वेळेवर बिल लावलं नसेल, तर १२ महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही.

गॅसचा माणूस येईपर्यंत ३१ डिसेंबरला संध्याकाळी मीटरचा फोटो काढून रीडिंग स्वतः टाका. १ तारखेपासून गॅस स्वस्त होतोय. रीडिंग नसेल तर डिसेंबर-जानेवारीची विभागणी ते पुन्हा अंदाजानेच करतील.

---

मिडलँडवासी | ४ डिसेंबर, रात्री १०:०५

फोनमध्ये रिमाइंडर लावला. ऑफिसातल्या दोघांना धाग्याची लिंक पाठवलीय, त्यातल्या एकाचा मीटर घनफुटाचा आहे. त्याचं बिल मिळालं की इथे टाकतो, बघाल का?

---

हिशेबनीस | ४ डिसेंबर, रात्री १०:१२

नक्की. खातेक्रमांक आणि पत्ता झाकून टाका, आणि तबकडीचा फोटो असा काढायला सांगा की एकक वाचता येईल.